अहवालात दोन्ही औषधांपुढे ‘आर’ असताना तीच दोन औषधे एकत्र का दिली असावीत?

निफाडची लेक

नमस्कार. माझे वडील, ज्यांना घरात आम्ही सगळे नाना म्हणतो, सत्तावीस दिवस रुग्णालयात काढून गेल्या आठवड्यात घरी आले. आता ते वरणभात खातात, अंगणात चार पावले चालतात, आणि त्यामुळेच मला त्यांची फाइल शांतपणे वाचायला सवड मिळाली. ती वाचून मात्र माझा गोंधळ वाढला आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून वैद्यकातले मला काहीच कळत नाही, तेव्हा उत्तर देताना थोडे उलगडून सांगावे ही विनंती.

नाना ६७ वर्षांचे आहेत आणि त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पित्तनलिकेत खडा अडकल्याने त्यांना कावीळ झाली आणि हुडहुडी भरून ताप येऊ लागला. गावाजवळच्या एका छोट्या रुग्णालयात तीन दिवस सलाइनमधून प्रतिजैविके दिली, पण ताप हटेना, म्हणून आम्ही त्यांना नाशिकला आणले. खडा मोठा असल्याने तो एका खेपेत पूर्ण निघाला नाही, म्हणून दुर्बिणीतून नलिकेत तात्पुरता स्टेंट, म्हणजे ती मोकळी ठेवणारी छोटी नळी, बसवला. सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच अकराव्या दिवशी, अतिदक्षता विभागात असताना, त्यांना पुन्हा थंडी वाजून ताप भरला आणि रक्तदाब एकदम खाली गेला. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, केले आणि दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले की रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला असून तो बहुतेक औषधांना दाद देत नाही.

तो अहवाल माझ्यासमोर आहे. त्यात अठरा औषधांची नावे आहेत आणि त्यांपैकी सतरांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, असे लिहिले आहे. फक्त कोलिस्टिनपुढे ‘आय’, म्हणजे मधली श्रेणी, आहे. खाली एका ओळीत ‘एनडीएम आणि ऑक्सा-४८ आढळले’ असा शेरा आहे. आधी कोलिस्टिनच सुरू केले होते, पण तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१ वरून २.६ वर गेले, तेव्हा ते बंद करून सेफ्टाझिडिम-एविबॅक्टम आणि अझ्ट्रिओनॅम ही दोन औषधे दिली. या दोन्हींपुढे अहवालात ‘आर’ आहे! नाना त्यांनीच बरे झाले हेही खरे, आणि या दोन औषधांचे बिल बाकी सगळ्या औषधांच्या बिलापेक्षा जास्त झाले हेही खरे. जी औषधे चालणार नाहीत असे कागद सांगतो तीच का दिली, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही.

शिवाय नातेवाईक सांगतात की नानांनी आयुष्यभर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या म्हणून हे झाले, तर माझा भाऊ म्हणतो की जंतू रुग्णालयातच चिकटला. खरे काय? औषध दहाच दिवस देऊन थांबवले, ते अपुरे तर नाही ना? आणि घरात तीन वर्षांचा नातू आहे. आईने त्याला नानांच्या खोलीत जायची बंदी केली आहे, नानांचे ताट-वाटी वेगळे ठेवले आहे, आणि नाना त्यामुळे तापापेक्षा जास्त खचले आहेत.

सूक्ष्मदर्शक

ताई, मी नाशिकमध्येच सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. असे अहवाल आमच्याच टेबलावरून जातात, आणि ते नातेवाइकांच्या हाती पडल्यावर काय गोंधळ होत असेल याचा आम्ही फारसा विचार करत नाही, हे आधी कबूल करतो. तुमच्या नानांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी चूक केलेली नाही. उलट, त्यांनी अहवाल नीट वाचला होता असे दिसते.

‘आर’ हे अक्षर त्या त्या औषधाची एकेकट्याने परीक्षा घेतल्यावर मिळालेला निकाल असते. दोन औषधे एकत्र दिल्यावर काय होईल हे ते अक्षर सांगत नाही. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम आणि अझ्ट्रिओनॅम ही सगळी एकाच मोठ्या कुळातली औषधे असून ती जंतूची भिंत बांधली जाण्याच्या कामात मोडता घालतात. त्यावर जंतूंनी शोधलेला उपाय म्हणजे विकरे, म्हणजे औषधाचा रेणूच तोडून टाकणारी प्रथिने. नानांच्या जंतूकडे जे एनडीएम नावाचे विकर आहे ते या कुळातली जवळजवळ सगळी औषधे तोडते, अगदी मेरोपेनेमसुद्धा, पण अझ्ट्रिओनॅम मात्र त्याला तोडता येत नाही. मग अझ्ट्रिओनॅमपुढे ‘आर’ का? कारण एनडीएम बाळगणारे जंतू सहसा एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्याकडे आणखी एकदोन साधी विकरे असतात आणि अझ्ट्रिओनॅमचा फडशा ती पाडतात.

येथे एविबॅक्टम कामाला येते. ते स्वतः जंतू मारत नाही, पण त्या साध्या विकरांना आणि अहवालातल्या ऑक्सा-४८ या दुसऱ्या विकराला निकामी करते. एनडीएमपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. म्हणजे अझ्ट्रिओनॅमला जे शत्रू मारतात त्यांना एविबॅक्टम अडवते, आणि जो शत्रू एविबॅक्टमला जुमानत नाही त्याला अझ्ट्रिओनॅम तोडता येत नाही. दोघांपुढे स्वतंत्रपणे ‘आर’ असूनही एकत्र आल्यावर जंतू मरतो तो असा. सेफ्टाझिडिम या लढाईत निव्वळ सोबतीला असते, कारण एविबॅक्टम बाजारात त्याच्याबरोबरच एका कुपीत मिळत आले आहे. अझ्ट्रिओनॅम आणि एविबॅक्टम यांचे थेट मिश्रण आता तयार झाले असून युरोपात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

या जोडीची परीक्षा प्रयोगशाळेत करता येते. दोन्ही औषधांच्या चकत्या जंतू पेरलेल्या बशीत शेजारीशेजारी ठेवल्या की मधल्या पट्ट्यात जंतूंची वाढ खुंटलेली स्पष्ट दिसते. आम्ही ते करतो, पण छापील अहवालाच्या नमुन्यात त्याला रकानाच नसतो, म्हणून बहुतेक वेळा ते डॉक्टरांना फोनवर सांगितले जाते. तुमच्या फाइलमध्ये नसले तरी ते झाले नसेल असे समजू नका.

कोलिस्टिनच्या ‘आय’विषयीही सांगतो, कारण अठरांत तेवढेच बरे दिसणारे अक्षर पाहून अनेकांना वाटते की तेच सर्वांत चांगले औषध असणार. हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस सापडले, मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात बाजूला पडले, आणि दुसरे काही उरले नाही तेव्हा परत आणले गेले. आम्ही जे अमेरिकन निकष वापरतो त्यांत २०२० पासून कोलिस्टिनला ‘एस’, म्हणजे औषध लागू पडते, ही श्रेणीच नाही, कारण रक्तात त्याची पुरेशी मात्रा टिकवणे आणि मूत्रपिंड सांभाळणे हे दोन्ही एकाच वेळी साधणे अवघड असते. इटली आणि ग्रीसमधील १०२ रुग्णांच्या एका निरीक्षणात, ज्यांच्या रक्तात नानांसारखेच जंतू होते, या जोडीवर ठेवलेल्यांपैकी तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते, तर बहुतांशी कोलिस्टिनवर आधारित इतर उपचार मिळालेल्यांत ते ४४ टक्के होते. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे हे आकडे ब्रह्मवाक्य नव्हेत, पण डॉक्टरांनी औषध का बदलले ते यावरून कळेल.

एक पुस्ती जोडतो. ही जोडी म्हणजे रामबाण नव्हे. आपल्याकडच्या काही ई. कोलाय जंतूंनी, ज्या प्रथिनावर अझ्ट्रिओनॅम जाऊन बसते त्या प्रथिनाची घडणच बदलून घेतली आहे, आणि तेथे ही जोडीही लंगडी पडते.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. मुंबई नाक्याच्या आसपास इतकी रुग्णालये आहेत की कोणते ते सांगायची गरज नाही. सरांनी औषधांचे सांगितले आहेच, त्यात एवढीच भर घालते की ही दोन औषधे एकामागून एक न देता एकाच वेळी, दोन पंपांवर, सावकाश सोडायची असतात, कारण एक शरीरात असताना दुसरे नसेल तर सगळा खटाटोप वाया जातो. नातेवाईक विचारतात की सिस्टर, एक बाटली संपल्यावर दुसरी लावा ना, दोन्ही हातांना नळ्या कशाला. ताई, तुम्हीही कदाचित विचारले असेल.

जंतू कोठून आला यावर माझे मत असे की तुमचे नातेवाईक आणि तुमचे भाऊ दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. क्लेबसिएला हा मुळात आतड्यात राहणारा जंतू आहे. औषधांना न जुमानणारा प्रकारही आतड्यात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो आणि माणसाला काही होत नाही. रुग्णालयात तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः आमच्या हातांवरून, बेडच्या कठड्यावरून, लघवीच्या पिशवीच्या तोटीवरून आणि हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीतून. मग मानेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, लघवीची नळी, किंवा तुमच्या नानांच्या बाबतीत पित्तनलिकेतला स्टेंट, यांपैकी एखाद्या वाटेने तो रक्तात उतरतो. आमचा दोष नाही असे मी म्हणणार नाही. एका रात्री तीन गंभीर रुग्ण एका परिचारिकेकडे असतील, एकाचा रक्तदाब पडलेला असेल आणि दुसऱ्याच्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजत असेल, तर त्या दोन बेडमधल्या पाच पावलांत हात चोळायचे राहून जातात. हे सांगायला कोणालाच आवडत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सुमारे शंभर अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइन घालतानाच्या पाच साध्या गोष्टी, म्हणजे हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो मांडीतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, एवढ्याच कसोशीने पाळल्या आणि लाइनमुळे होणारे रक्तातले संसर्ग दीड वर्षात दोन तृतीयांशांनी घटले. हा अभ्यास २००६ चा आहे आणि त्यात एकही नवे औषध नव्हते.

नानांची सेंट्रल लाइन दोषी होती की स्टेंट, हे कधीकधी कल्चरवरूनच कळते. रक्त हातातूनही घेतात आणि लाइनमधूनही घेतात. लाइनमधल्या रक्ताच्या बाटलीत जंतू दोन तास किंवा त्याहून आधी वाढलेला मशीनने दाखवला, तर लाइनवर संशय घट्ट होतो. तुमच्या फाइलमध्ये दोन कल्चरच्या वेळा असतील तर पाहा.

मेडिकल, सातपूर

माझे औषधांचे दुकान औद्योगिक वसाहतीजवळ आहे. नानांच्या गोळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, आणि स्वतःच्या धंद्याची बाजू घेणार नाही.

शेड्यूल एच-वन हा नियम २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि अशी इतर प्रतिजैविके विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. पाकिटावर लाल रेषा असते, आणि तिची जाहिरात सरकारने २०१६ पासून केली आहे. हे सगळे आहे. आणि तरीही सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीचा कामगार काउंटरवर येतो, मोबाइलमधला जुन्या गोळ्यांचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, दादा, तीनच द्या, आज खाडा परवडणार नाही. डॉक्टरांकडे जायचे तर तपासणी फी आणि वर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. मी नाही म्हटले तर शेजारचा देतो, आणि वहीत काय लिहायचे ते तो बघून घेतो. मी गेली काही वर्षे नाही म्हणतो. त्याआधी मीही दिल्या आहेत.

पण मला प्रामाणिकपणे वाटते की सर्दीच्या तीन गोळ्यांचा आणि अतिदक्षता विभागातल्या अशा भयंकर जंतूचा संबंध लोक फार सरळ जोडतात. नानांनी खाल्ल्या त्या सेफिक्झिमच्या, म्हणजे एका सेफॅलोस्पोरिनच्या, गोळ्या असतील. मेरोपेनेम कोणी काउंटरवरून नेत नाही. मग मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू आमच्या खात्यावर कसा?

सूक्ष्मदर्शक

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी द्यावे लागते. सेफिक्झिमसारख्या गोळ्या लाखो लोकांनी वर्षानुवर्षे घेतल्याने समाजातल्या लोकांच्या आतड्यांत असे ई. कोलाय आणि क्लेबसिएला टिकून राहिले जे सेफॅलोस्पोरिन तोडतात. हे जंतू मग रक्तात उतरतात तेव्हा डॉक्टरांसमोर पर्याय कार्बापेनेमचाच उरतो. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत अशा संसर्गांत कार्बापेनेमऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम देऊन पाहिले, तर तीस दिवसांतला मृत्युदर १२.३ टक्के निघाला, आणि मेरोपेनेम मिळालेल्यांत तो ३.७ टक्के होता. त्यामुळे कार्बापेनेम वापरू नका असे डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगायचे? पण कार्बापेनेमचा वापर वाढला की जे जंतू कार्बापेनेमही तोडतात त्यांना रान मोकळे मिळते. तुमच्या काउंटरवरच्या गोळीने एनडीएम जन्माला आले नाही, पण रुग्णालयाला मेरोपेनेमच्या पायरीवर ढकलण्यात तिचा वाटा आहे, आणि पुढची पायरी रुग्णालयातच चढली जाते.

आकडे हवे असतील तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे २०१३ पासून हे मोजत आहे. त्यांच्या नोंदींत २०१७ साली तपासलेल्या क्लेबसिएलांपैकी ५९ टक्के इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देत होते, आणि २०२२ मध्ये ते प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. ई. कोलायच्या बाबतीत ते ८१ वरून ६६ वर आले. हे आकडे सर्वसाधारण नाशिककरांना जसेच्या तसे लावू नयेत, कारण त्या जाळ्यात प्रामुख्याने मोठी रुग्णालये आहेत आणि तेथे आधीच दोनतीन ठिकाणी उपचार घेऊन थकलेले रुग्ण पोहोचतात. तरी उताराची दिशा स्पष्ट आहे.

माझे खरे दुखणे वेगळेच आहे. ताईंच्या पोस्टमधले एक वाक्य कोणाच्या लक्षात आले की नाही माहीत नाही: पहिल्या रुग्णालयात तीन दिवस प्रतिजैविके दिली. त्याआधी रक्ताचे कल्चर घेतले होते का? ताई, फाइलमध्ये पाहून सांगाल का? हुडहुडी भरून ताप येतो तेव्हा रक्तात जंतू असण्याची शक्यता मोठी असते, आणि पहिली मात्रा शिरेत जाण्याआधी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घेऊन बाटल्यांत भरायला दहा मिनिटे लागतात. उत्तर अमेरिकेत ३२५ रुग्णांचे औषधाच्या आधी आणि औषध सुरू केल्यावर दोन तासांच्या आत असे दोन्ही वेळा रक्त घेऊन पाहिले, तेव्हा आधीच्या रक्तात ३१.४ टक्के वेळा जंतू मिळाला आणि नंतरच्या रक्तात १९.४ टक्के वेळाच. केवळ दोन तासांत हा फरक पडतो. तीन दिवसांनी घेतलेल्या रक्तात काय मिळणार? आणि एकदा जंतू कळायची वाट बंद झाली की डॉक्टरांच्या हाती अंदाज उरतो, अंदाज नेहमी जास्त भारी औषधाकडे झुकतो, आणि ते भारी औषध कमी करायला नंतर कोणाची हिंमत होत नाही, कारण कागदावर आधारच नसतो. अँटिबायोटिक कमी वापरा असे उपदेश पुष्कळ होतात, पण आधी रक्त घ्या हे कोणी फलकावर लिहीत नाही.

रात्रपाळी

सर, त्यात आमच्या बाजूची अडचणही सांगते. प्रत्येक बाटलीत मोठ्या माणसाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त भरायचे असते, म्हणजे दोन ठिकाणच्या चार बाटल्यांना चाळीस मिलिलिटरपर्यंत लागते. मी चौथी बाटली उघडली की नातेवाईक हात धरतात, म्हणतात, माणसात आधीच रक्त नाही आणि तुम्ही किती काढता. मग पाच पाच मिलिलिटरवर भागवले जाते, किंवा एकाच हातातून घेतले जाते. एकाच हातातले रक्त असले आणि त्यात त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू वाढला, तर तो खरा की सुईबरोबर आलेला हे ठरत नाही, आणि अशा खोट्या जंतूवर आठ आठ दिवस व्हॅन्कोमायसिन चाललेले मी पाहिले आहे. चाळीस मिलिलिटर म्हणजे चहाचा अर्धा कपही नाही.

डाळिंब उत्पादक, सटाणा

विषय माणसांचा आहे, पण राहवले नाही म्हणून लिहितो. आमच्या कसमादे भागात डाळिंबावर तेल्या रोग आला की स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची फवारणी हा वर्षानुवर्षे ठरलेला उपाय होता. मी स्वतः पाठीवर पंप घेऊन ती केली आहे, तोंडाला रुमाल बांधून. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या शेतीतील वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तेव्हा आम्हाला वाटले की साहेबांना शेतकऱ्याचे नुकसान दिसत नाही. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या रुग्णांना देतात हे मला त्या वेळी माहीतही नव्हते. या फवारणीचा रुग्णालयातल्या जंतूंशी संबंध असतो का?

सूक्ष्मदर्शक

दादा, थेट नाही, पण मुळीच नाही असेही नाही. या जंतूंमध्ये औषधरोधाची जनुके प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतात आणि एकाच तुकड्यावर पाचसहा औषधांविरुद्धची जनुके एकत्र बसलेली असू शकतात. स्ट्रेप्टोमायसिनचा मारा झाला की ते जनुक असलेला जंतू टिकतो आणि त्याच्याबरोबर बाकीची जनुकेही फुकटात टिकतात. हे तुकडे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातात. दिल्लीत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एनडीएम-१ चे जनुक साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत सापडले होते. ही जनुके रुग्णालयाच्या भिंतीआड राहत नाहीत. तरी नानांच्या बाबतीत संशयाची सुई मी शेताकडे नेणार नाही. तेथे स्टेंट, नळ्या, मेरोपेनेम आणि हात हीच कारणे पुरेशी आहेत. कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी आली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

ताई, दहा दिवसांचे राहिले. ‘कोर्स पूर्ण करा’ याचा अर्थ जितके जास्त दिवस तितके चांगले असा आपण लावतो. सात देशांतील ३,६०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातील संसर्गासाठी सात दिवस आणि चौदा दिवस अशी तुलना केली, तेव्हा नव्वद दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १४.५ आणि १६.१ टक्के होते, म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे रुग्ण त्यात नव्हते, कारण तो हृदयाच्या झडपांत आणि हाडांत दडून बसतो आणि त्याला दोन आठवड्यांहून कमी चालत नाही. नानांसारखे अतिरोधक जंतूही त्यात थोडेच असतील, म्हणून दिवसांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण ताप उतरला, रक्तदाब स्थिरावला, पित्त मोकळे वाहू लागले, तर दहा दिवस ही संख्या ऐकून मला धक्का बसत नाही.

रात्रपाळी

नातवाचे मी सांगते, कारण हा प्रश्न आम्हाला डिस्चार्जच्या वेळी दर दोनचार दिवसांनी कोणीतरी विचारते. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, नेहमीप्रमाणे साबणाने धुतली की झाले. तो जंतू श्वासातून उडत नाही. नानांनी शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात नीट धुवावेत, घरच्यांनीही धुवावेत, आणि स्वच्छतागृह रोज धुतले जावे. धडधाकट मुलाच्या आतड्यात तो जंतू गेला तरी सहसा काही करत नाही. घरात कोणी केमोथेरपीवर असेल किंवा कोणाला नळ्या लावलेल्या असतील तर मात्र डॉक्टरांना वेगळे विचारा. नातवाला आजोबांच्या मांडीवर बसू द्या.

निफाडची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला सिस्टरांचा मजकूर वाचून दाखवला. तिने ताट अजून वेगळेच ठेवले आहे, पण नातू काल दुपारी नानांच्या खाटेवर झोपला होता आणि तिने पाहून न पाहिल्यासारखे केले.

फाइल पुन्हा चाळली. पहिल्या रुग्णालयाच्या कागदांत कल्चरचा कोठेही उल्लेख नाही. साखर, बिलिरुबिन, सोनोग्राफी सगळे आहे. औषधांच्या यादीत पहिल्याच संध्याकाळी मेरोपेनेम लिहिलेले आहे. त्या वेळी आम्हाला बरे वाटले होते, कारण तेथील डॉक्टर म्हणाले की सगळ्यात भारी इंजेक्शन सुरू केले आहे, आणि माझ्या भावाने तसे सगळ्यांना फोन करून सांगितलेही होते. नाशिकच्या दोन कल्चरच्या वेळा मात्र मिळाल्या. हातातल्या रक्ताची बाटली आणि सेंट्रल लाइनमधली बाटली यांत फक्त वीस मिनिटांचे अंतर दिसते. म्हणजे लाइन नव्हे, स्टेंटच असावा का?

आता एक शेवटचा प्रश्न. स्टेंट बदलून उरलेला खडा काढण्यासाठी पुढच्या गुरुवारी पुन्हा दुर्बिणीची प्रक्रिया ठरली आहे. त्या वेळी काही विशेष सांगावे लागेल का?

सूक्ष्मदर्शक

वीस मिनिटांचे अंतर असेल तर लाइनवर आळ घालता येणार नाही. पित्तनलिकेची शक्यता जास्त, एवढेच म्हणता येईल.

गुरुवारचे मात्र फार महत्त्वाचे आहे, आणि तुम्ही विचारले हे चांगले झाले. अशी प्रक्रिया करताना नलिकेतले जंतू दाबाने रक्तात ढकलले जाऊ शकतात, आणि ते टाळण्यासाठी आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यायची ठरली, तर सहसा ठराविक सेफॅलोस्पोरिन किंवा तत्सम काही दिले जाते. नानांच्या आतड्यात तो क्लेबसिएला अजून असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याच्यापुढे ते ठराविक औषध म्हणजे नुसते पाणी. तेव्हा प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, भूल देणाऱ्यांना आणि दाखल करून घेणाऱ्या सिस्टरांना, अशा तिघांनाही, तो अहवाल दाखवा. ‘एनडीएम आणि ऑक्सा-४८’ ही ओळ पेनाने अधोरेखित करा. प्रक्रियेच्या वेळी पित्ताचा नमुना कल्चरला पाठवता येईल का, हेही विचारा. आणि नंतर ताप आलाच, तर पहिली मात्रा देण्याआधी रक्त घ्या असे स्वतःहून सांगा. सिस्टर चिडणार नाहीत.

रात्रपाळी

चिडल्या तर माझे नाव सांगू नका. पण दाखल होताना अहवाल आधीच हाती आला तर आम्ही रुग्णाला कोपऱ्यातला बेड देतो, स्टेथोस्कोप वेगळा ठेवतो आणि शेजारच्या रुग्णाला वाचवतो. बहुतेक वेळा आम्हाला ते पाचव्या दिवशी कळते.

निफाडची लेक

अहवालाचा फोटो काढून फोनच्या सुरुवातीलाच ठेवला आहे आणि मूळ कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आहे. आज रुग्णालयातून गुरुवारच्या वेळेसाठी फोन आला होता. त्यांनी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, साखर किती आहे आणि विमा कोणता आहे, एवढेच विचारले. फोन ठेवण्याआधी मीच म्हटले की आणखी एक गोष्ट लिहून घ्या, आणि त्या मुलीला ‘एनडीएम’ ही अक्षरे दोनदा सावकाश सांगितली.